तात्पुरतं नावाचा कंटेनर

आमच्या घरात तात्पुरत्या गोष्टींना दीर्घायुष्य लाभतं. न्हाणीघराचा नळ गळू नये म्हणून लग्नाच्या वर्षी मी त्याला तात्पुरती दोरी बांधली होती. त्यानंतर नळ दोनदा बदलला, दोरी तीच आहे. बैठकीच्या खोलीतला दिवा तात्पुरता म्हणून वायरला लोंबतोय, आणि त्याच्याखालून वाकून जायची आम्हाला इतकी सवय झाली आहे की दुसऱ्यांच्या घरीसुद्धा आम्ही खोलीच्या मध्यावर आलो की वाकतो. "रविवारी पक्कं करतो," हे मी बायकोला इतक्या वेळा सांगितलंय की रविवारी ती आता माझ्याकडे बघतही नाही.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे जे झालं त्याचं खापर मी एक दिवस पायथनवर, एक दिवस ऑफिसवर आणि एक अख्खी दुपार वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांवर फोडून पाहिलं. ते कुठेच फुटेना.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे माझं काम. बावीस वर्षं हेच केल्यामुळे चुका नेहमी समोरच्या बाजूला असतात, असा माझा प्रामाणिक समज झाला होता. घरी हा समज कुणाचाच नव्हता, पण घरच्यांना त्यातलं कळत नाही असं मी धरून चाललो होतो.

माझे सासरे, म्हणजे बाबा, घड्याळजी. एक्केचाळीस वर्षं त्यांनी बाजारातल्या एका कोपऱ्यावर, कपाटाएवढ्या दुकानात बसून घड्याळं दुरुस्त केली. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा दुकान बंद केलं आणि आमच्याकडे राहायला आले. येताना डोळ्याला लावायचं भिंग, चिमट्यांची पेटी आणि तेवीस वह्या घेऊन आले. या वह्यांचं मला सांगायलाच हवं. घड्याळजी घड्याळ उघडतो तेव्हा मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने एक बारीक आकडा कोरून ठेवतो. घालणाऱ्याला तो जन्मात दिसत नाही. तोच आकडा वहीत लिहायचा आणि त्यापुढे घड्याळ कुणाचं, तक्रार काय, काय केलं. पंधरा वर्षांनी घड्याळ परत आलं की झाकण उघडायचं, आकडा वाचायचा आणि वही काढायची. गावभर लोकांच्या मनगटांवर बाबांचे नऊ हजार दोनशे चौदा आकडे फिरत होते, आणि त्या सगळ्यांची उत्तरं आमच्या फळीवर होती.

वहीत शेवटी एक अरुंद रकाना होता. त्याचं नाव 'माझ्या हातून'. बहुतेक ठिकाणी तो रिकामा असे. पण मधूनच तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असे, "स्प्रिंग उडाली, सापडली नाही. माझ्या हातून." किंवा, "काटा वाकला. माझ्या हातून." एक्केचाळीस वर्षांत अशा एकोणीस नोंदी होत्या.

"बाबा, हा रकाना कशाला?" मी एकदा विचारलं. "गिऱ्हाईक कुठे तुमची वही बघायला येतं?"

"गिऱ्हाईक नाही येत हो जावईबापू," ते म्हणाले. "मी येतो ना."

मी हसलो होतो. आमच्या ऑफिसातही काही बिघडलं की अहवाल लिहावा लागतो, आणि त्यात 'मूळ कारण' असा रकाना असतो. बावीस वर्षांत त्या रकान्यात मी 'संवादाचा अभाव' याखेरीज काहीही लिहिलेलं पाहिलं नाही. इतक्या सगळ्या चुका एकटा संवादाचा अभाव करतो, आणि त्याला अजून कुणी कामावरून काढलेलं नाही.

वह्या संगणकात घालायची कल्पना बायकोची. बाबा अलीकडे विसरायला लागले होते. जेवण झालंय की व्हायचंय, हे ते कधीकधी मुलीला विचारत. पण वहीतली नोंद दिसली की त्यांना सगळं लख्ख आठवे. तो माणूस, त्याची घाई, त्या दिवशी दुकानासमोर अडकलेली हातगाडी, सगळं.

"अहो, वह्यांना कसर लागलीय," ती मला म्हणाली. "त्या गेल्या तर बाबांचं काय उरेल? तुम्ही कंप्युटरवाले ना? करा काहीतरी."

मी केलं. खिडकीजवळच्या टेबलावर जुना संगणक मांडला आणि त्यात नोंदवहीचा एक तयार प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालू करून दिला. कंटेनर म्हणजे संगणकाच्या आतला एक बंद डबा. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामानसुमान त्या डब्यात असतं. डबा क्षणात उभा करता येतो आणि क्षणात पुसूनही टाकता येतो, हाच त्याचा मोठेपणा. म्हणूनच जपून ठेवायच्या गोष्टी कधीही डब्यात ठेवायच्या नाहीत, त्या बाहेर वेगळ्या जागी ठेवायच्या, हा या धंद्यातला पहिला धडा. हा धडा मी स्वतः सात नवशिक्यांना शिकवलाय. पण त्या दिवशी आम्हाला कुठेतरी जायचं होतं आणि बायको चपला घालून दारात उभी होती. म्हणून मी सगळं डब्यातच ठेवलं. डब्याला नाव द्यावं लागतं. मी दिलं 'तात्पुरतं'. म्हटलं, रविवारी पक्कं करू.

त्यानंतर एकशे बत्तीस रविवार आले. हे मी नंतर मोजले.

बाबांनी एका बोटाने टाइप करत दोन वर्षांत तेवीसच्या तेवीस वह्या आत घातल्या. मध्येच कधीतरी टेबल डुगडुगायला लागलं, तेव्हा मी हाताला लागेल ते काहीतरी जाडजूड त्याच्या पायाखाली सरकवलं. तेही तात्पुरतंच. शेवटची नोंद झाली त्या दिवशी बाबांनी आम्हा दोघांना बोलावून ती दाखवली. मग मी फळीकडे बघितलं. मला ती फळी ऑफिसच्या कागदांसाठी हवी होती.

"बाबा, आता या वह्या कशाला? सगळं आत आहे."

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"शंभर टक्के."

"नाही म्हणजे, एकदा गेल्या की गेल्या."

"बाबा, माझं कामच हे आहे!"

रद्दीवाला आला तेव्हा त्यांनी तिसऱ्यांदा "नक्की ना?" असं विचारलं, आणि मी जरा वैतागूनच हो म्हणालो. वह्या तराजूत चढल्या तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्या वेळी मी रद्दीवाल्याला एकदा जरी 'थांबा' म्हणालो असतो, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मला आनंद झाला असता.

आता ऑफिस. आमचे साहेब माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आहेत आणि त्यांना दर महिन्याला एक नवीन साक्षात्कार होतो. या महिन्याचा साक्षात्कार असा, की आमच्या सगळ्या चाचण्या पायथनमध्ये लिहायच्या. पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा. तिच्यात एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेल्या आयत्या कोडचा संच, मिळते. तिला सांगितलं की ती आपणहून कंटेनर उभा करते, त्यात आपला प्रोग्रॅम चालवून बघते, निकाल देते आणि शेवटी कंटेनर पुसून टाकते. काम झालं की मागे खरकटं उरत नाही. मला ती फार आवडली. आमच्या घरात हा गुण कुणातच नाही.

पण ऑफिसच्या संगणकावर कंटेनर चालवायला सुरक्षा विभागाची परवानगी लागते. मी अर्ज केला. तो परत आला, कारण त्याला चाचणीचा अहवाल जोडलेला नव्हता. मी सुरक्षा विभागात गेलो.

"चाचणी करायचीच तर परवानगी मागतोय," मी म्हणालो.

"बरोबर आहे," तिथले गृहस्थ म्हणाले. "पण तपासलेलं नाही ते आम्ही चालवू कसं देणार?"

"चालवल्याशिवाय मी तपासू कसं?"

"ते तुम्ही बघा. टेस्टर तुम्ही आहात."

तीन आठवड्यांत अर्ज चार वेळा परत आला. साहेब रोज सकाळी माझ्या खुर्चीमागे उभे राहून "काय म्हणतंय पायथन?" असं विचारायला लागले. शेवटी मी ठरवलं की घरच्या संगणकावर चाचण्या लिहू, तिथला अहवाल अर्जाला जोडू, मग सगळं ऑफिसात हलवू. तेवढ्यापुरतं.

चाचण्यांसाठी उभ्या होणाऱ्या कंटेनरना मी सवयीने नावं दिली 'तात्पुरतं-१', 'तात्पुरतं-२', 'तात्पुरतं-३'. चाचणी नीट संपली तर लायब्ररी मागचं आवरून जाते. पण माझ्या चाचण्या नीट संपत नव्हत्या. त्या मध्येच कोसळायच्या आणि त्यांचे कंटेनर तसेच पडून राहायचे. दहा दिवसांत संगणकाची डिस्क गच्च भरली.

"जावईबापू," बाबा एका सकाळी म्हणाले, "वही आज उघडायला फार वेळ लावतेय. तेलपाणी करायला झालीय का?"

त्याच आठवड्यात शनिवारी वरच्या मजल्यावरचे शेजारी खाली आले. ते नगरपालिकेच्या अतिक्रमण खात्यातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून त्यांना पाडायला काही उरलेलं नाही, म्हणून ते सल्ले देतात. आमच्या नळाची दोरीसुद्धा त्यांच्याच सल्ल्याची. मी त्यांना अडचण सांगितली.

"त्यात काय एवढं?" ते म्हणाले. "एकेक बघत बसलात तर जन्म जाईल. नावावरून यादी काढायची आणि सरसकट उडवायचं! कुणी आडवं आलं तर ऐकून घ्यायचं नाही. आम्ही ऐकत बसलो असतो तर गावात आज एक रस्ता दिसला नसता."

मला त्यांचं म्हणणं पटलं, आणि हे मी कुणालाही दोष न देता सांगतोय. मी पायथनमध्ये नऊ ओळी लिहिल्या. ज्यांचं नाव 'तात्पुरतं'ने सुरू होतं ते सगळे कंटेनर शोध आणि काढून टाक. शेवटी एक चाचणीही लिहिली की या नावाचा एकही कंटेनर शिल्लक राहता कामा नये. आणि चालवलं.

यादीत त्रेसष्ट निघाले. बासष्ट गेले. एकाने नकार दिला. लायब्ररीने अगदी स्वच्छ शब्दांत कळवलं की हा कंटेनर चालू आहे, चालू असलेला काढता येत नाही, आधी थांबवा. आता विचार करा. बासष्ट मेलेले आणि एक जिवंत. बावीस वर्षांचा टेस्टर इथे क्षणभर थांबून हा जिवंत कोण, एवढं विचारणार नाही? मी नाही विचारलं. माझी चाचणी त्या एकापायी लाल दिसत होती, आणि मला ती हिरवी हवी होती. त्या लायब्ररीत अशा वेळेसाठी एक शब्द असतो, त्याचा अर्थ 'जबरदस्तीने'. तो मी ओळीत घातला आणि पुन्हा चालवलं.

हिरवी झाली. चौदापैकी चौदा चाचण्या उत्तीर्ण. मी साहेबांना त्याचा फोटो पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला. मग आनंदाच्या भरात मी त्या सगळ्या चाचण्या दुपारभर पुन्हा पुन्हा चालवल्या, चाळीस वेळा तरी. हिरवा रंग डोळ्यांना थंडावा देतो असं म्हणतात.

रविवारी सकाळी नर्सबाई आल्या. त्या पलीकडच्या गल्लीत राहतात. त्यांच्या हातात त्यांच्या आईचं छोटं, चावीचं घड्याळ होतं. आई गेल्या महिन्यात गेली होती. घड्याळ चार तास चालून बंद पडत होतं.

"आई तुमच्याकडेच आणायची ना?" त्या बाबांना म्हणाल्या. "मला ते चालायला हवंय. आणि तुम्ही लिहून ठेवता म्हणे सगळं. आईचं काय लिहिलंय ते वाचायचं होतं."

बाबांना अशा माणसांची फार वाट बघायची सवय होती. त्यांनी ताठ बसून भिंग लावलं, झाकण उघडलं. "सहा हजार तीनशे ऐंशी," ते म्हणाले. "थांबा हं. यात मी बहुतेक दुसऱ्या घड्याळाचं चाक बसवलंय. कुठलं ते लिहिलेलं असणार." आणि ते संगणकाकडे वळले.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. त्यांनी एकदा दाबलं, दोनदा दाबलं. मग चष्मा पुसला आणि पुन्हा दाबलं.

"जावईबापू, वही कुठेय?"

तेव्हा माझ्या डोक्यात तो त्रेसष्टावा उभा राहिला. मी धावत जाऊन खुर्चीत बसलो, यादी उघडली. यादी रिकामी होती. माझी चाचणी अजून हिरवीच होती.

नर्सबाई घड्याळ ठेवून गेल्या. बायकोला मी सगळं सांगितलं. ती भांडेल असं मला वाटलं होतं, मी तशी तयारीही केली होती. ती फक्त म्हणाली, "'नक्की ना?' असं त्यांनी तीनदा विचारलं होतं." आणि आत निघून गेली. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढचे तीन दिवस म्हणजे वरातीमागून घोडं. वरच्या शेजाऱ्यांनी संगणक बंद करून चालू करायला सांगितलं, मग बंदच ठेवायला सांगितलं. मी त्यांच्यावर ओरडलो. ते बिचारे म्हणाले, "अहो, पण पाडण्याआधी आत माणूस आहे का ते आम्ही बघायचो हो!" रद्दीवाल्याकडे गेलो. सहा महिन्यांपूर्वीचा कागद विचारतोय म्हटल्यावर त्याने मला बसायला स्टूल दिलं. दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसाने डिस्क दोन दिवस ठेवून घेतली आणि मग विचारलं, "पुसल्यावर यावर काही चालवलं होतं का?"

"चाळीस वेळा," मी म्हणालो.

"मग आता वर तुमच्या चाचण्याच आहेत. त्या हव्या असतील तर काढून देतो."

बुधवारी सुरक्षा विभागाचा निरोप आला. अहवाल पोचला, अर्ज मंजूर, ऑफिसच्या संगणकावर कंटेनर चालवण्यास हरकत नाही.

या सगळ्या काळात बाबा खिडकीशीच बसून होते. ते नर्सबाईंच्या आईचं घड्याळ न उघडता हातात धरून ठेवत. एकदा त्यांनी मुलीला विचारलं, "मी त्या वह्या लिहिल्या होत्या ना गं?" तिने "हो बाबा," म्हटलं. मी दाराआडून ते ऐकलं. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी बिघडवल्यात, पण असं मला कधी वाटलं नव्हतं.

गुरुवारी मी रजा टाकून घरी राहिलो. संगणक दुकानातून परत आणला, पण तो त्या टेबलावर पुन्हा मांडायची हिंमत होईना. टेबलच बाहेर काढू म्हणून उचललं, तर पायाखालून काहीतरी तपकिरी सुटं झालं. मी वाकलो. ती वही होती. चौदा क्रमांकाची. टाइप करून झालेल्या वह्या बाबा टेबलाजवळ खाली रचायचे, त्यातलीच मी उचलून पायाखाली घातली होती. तिच्या पुठ्ठ्यावर टेबलाच्या पायाचा चौकोनी वण पडला होता.

मी ती बाबांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी उघडली आणि बोट फिरवत वाचायला लागले. "पाच हजार दोनशे आठ. पोस्टमन. पट्टा नाही, घड्याळ खिशात ठेवायचा..." ते हसले. मी आणि बायको दोन्ही बाजूंनी वाकून शेवटची नोंद शोधायला लागलो. पाच हजार सहाशे सात. नर्सबाईंच्या आईचा आकडा सहा हजार तीनशे ऐंशी. पुढच्या दोन वह्यांत कुठेतरी, ज्या मी तराजूत चढवल्या होत्या.

संध्याकाळी नर्सबाई आल्या. मीच त्यांना सांगितलं, "नोंद नाही. माझ्यामुळे गेली." घड्याळ परत न्यायला त्यांनी हात पुढे केला.

"राहू द्या," बाबा म्हणाले. "चाक कुठलं बसवलंय ते घड्याळच सांगेल. सगळं खोलून बघावं लागेल. वेळ लागेल, पण चालेल ते. तुमची आई काय म्हणाली होती ते मात्र मला आता सांगता येणार नाही."

नर्सबाईंनी मान हलवली आणि घड्याळ त्यांच्या हातात तसंच राहू दिलं.

त्या गेल्यावर बाबांनी वहीची शेवटची दोन पानं उघडली. ती कोरी होती. प्रत्येक वहीत अशी दोन पानं ते सोडायचे, मागाहून काही आठवलं तर म्हणून. त्यांनी माझ्या हातात पेन दिलं.

"लिहा जावईबापू. क्रमांक नऊ हजार दोनशे पंधरा."

"नर्सबाईंच्या आईचं घड्याळ?"

"ते नंतर. आधी हे. वस्तू: नोंदवही."

मी लिहिलं.

"तक्रार?" त्यांनी स्वतःलाच विचारलं. "तक्रार काही नव्हती. चांगली चालू होती. तसं लिहा. काय केलं: साफसफाई."

मी तेही लिहिलं. मग ते थांबले. भिंग काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. शेवटचा अरुंद रकाना रिकामा होता आणि त्यात काय लिहायचं ते ते सांगत नव्हते. बायको दारात उभी होती. मला कितीतरी कारणं आठवली. ऑफिसचा अर्ज, साहेब, भरलेली डिस्क, वरचे शेजारी, चपला घालून दारात उभी असलेली बायको. त्यातलं एकही त्या रकान्यात मावलं नसतं.

मी लिहिलं, "माझ्या हातून."

बाबांनी भिंग डोळ्याला लावून ते वाचलं, आणि शेजारी तारीख घालायला सांगितली.